वरून ओतलेलं पाणी

मालनबाईंनी गिलास पुढे केला आणि प्रियंकाने तो हाताच्या पालथ्या बाजूने, न धरता, अलगद मागे सारला. "नको आजी. मी पाणी नाही घेत."

नात जिममधून येऊन दारातच बूट सोडत होती. डोक्यावर लोकरीची टोपी, अंगात दोन स्वेटर, त्यांच्या खाली प्लास्टिकचं काहीतरी करकरत होतं. बोलली आणि आत निघूनही गेली. जबलपुरात जन्मलेली पोरगी, तिची मराठी हिंदीचा हात धरून चालायची; जिममधल्या 'पानी नहीं ले रही'चं तिने घरात येऊन मराठी केलं, बस, मनात दुसरं काही नव्हतं. पण मालनबाईंचा हात पुढे केलेला तसाच राहिला. गिलास काठोकाठ होता. थोडं पाणी मनगटावर सांडलं आणि कोपराकडे ओघळत गेलं, आणि ते ओघळणं त्यांना ओळखीचं वाटलं, अंगावरून आधीही कधीतरी गेलेलं, फार थंड, फार सावकाश. मी पाणी नाही घेत. हे शब्द त्यांनी ऐकले होते, पण या घरात नव्हेत, आणि या पोरीच्या तोंडून तर नव्हेतच.

जबलपुरातल्या रांझीच्या या घरात माणूस पाण्याने मोजला जाई. नवऱ्याने, नारायणरावांनी, तोफगोळ्यांच्या फॅक्टरीचं क्वार्टर सोडून हे घर बांधलं तेव्हापासूनचा मालनबाईंचा कायदा. कोणीही येवो, गॅसवाला, वीजवाला, मुलाच्या, धम्मदीपच्या ऑफिसातला साहेब, आधी गिलास. आणि गिलास देऊन त्या आत जात नसत, चौकटीला टेकून बघत उभ्या राहत. जो पिई त्याला चहा. जो 'आत्ताच पिऊन आलो' म्हणे तो त्यांच्या लेखी दारातच राहिला, मग खुशाल खुर्चीत तासभर बसो. नारायणराव होते तोवर हसायचे, म्हणायचे, आमच्या घरी फॅक्टरीसारखंच आहे, गेटपाशी तपासणी. मागच्या वर्षी बँकेतले उल्हास शेजारी राहायला आले, पुण्याकडचे, आणि त्यांची बायको लतिका, 'काकू, काकू' करत आली, गिलास टीपॉयवर ठेवला आणि पिशवीतून स्वतःची बाटली काढून तोंडाला लावली. "मला ना काकू, बाहेरचं पाणी सोसत नाही." "अच्छा," मालनबाई म्हणाल्या, "आम्ही बाहेरचे, काय?" लतिकाला ते कळलं नाही, ती हसली. सून ममता मात्र स्वयंपाकघरात कपाळाला हात लावून बसली. "आई, खरंच पोट बिघडत असंल तिचं." "असंल ना. पोटाचं बरं असते बाई, त्याच्यावर काहीही टाकता येते."

आता तीच ममता ओढणीला हात पुसत बाहेर आली आणि समजावू लागली, जसं काही मालनबाईंना माहीत नव्हतं. उद्या सकाळी वजन आहे. राज्याची शरीरसौष्ठवाची स्पर्धा आहे, बायकांची, अंगाचा एकेक दोर वेगळा दाखवायचा असतो. पंचावन्न किलोच्या आत भरली तर तिच्या गटात. वर गेली तर थोराड बायकांच्या गटात टाकतील, तिथे तिचं काही चालायचं नाही, आणि वर्षभराची मेहनत गेली. अजून दीड किलो जास्त आहे. म्हणून कोच भैयाने पाणी बंद केलंय. मीठ तर कधीचंच बंद. "मयतीच्या घरी बी एवढं अळणी शिजत नाही," मालनबाई म्हणाल्या. "माहीत आहे मले सगळं. पण तोंडानं सांगायची एक रीत असते. नको म्हण. नंतर म्हण. घेत नाही म्हणते! कोणाच्या हातचं घेत नाही?" सासूचा आवाज असा खाली आला की बोलायचं नसतं हे ममताला ठाऊक होतं. मालनबाईंनी गिलासातलं पाणी कढीपत्त्याच्या कुंडीत ओतलं, गिलास विसळला आणि ओट्यावर पालथा घातला. ठीक आहे. घेत नाहीस ना, तर मीबी नाही घेत. हे त्या मोठ्याने बोलल्या नाहीत. रक्तदाबाची गोळी त्यांनी तशीच कोरडी गिळली, ती घशात अडकून बराच वेळ आपलं असणं सांगत राहिली.

दुपारी प्रियंका गच्चीवर रजई लपेटून उन्हात बसली होती, घाम काढत. जानेवारीचं ऊन, दुधावरच्या सायीसारखं, जागचं हलत नव्हतं. मालनबाई जवळच्या पाटणचा मटार सोलायला घेऊन वर गेल्या. टोपलीत शेंगांचा ढीग, मांडीत परात. शेंग फुटायची, दाणे परातीत टपटप पडायचे, आणि आज तो आवाज नळाखाली ठेवलेल्या भांड्यासारखा येत होता. त्यांनी शेंगा हळू फोडायला घेतल्या. मग आणखी हळू.

"आजी, तू काहून धूपमध्ये बसली? आत बस ना."

"तुह्या बापाची गच्ची आहे काय? माह्या नवऱ्यानं बांधली."

"हसवू नको ना. होंठ फाटून राहिले माझे."

रजईतून फक्त तिचा चेहरा दिसत होता. गालांची हाडं वर आलेली, डोळे खोल गेलेले, आणि तरी त्यात एक स्वस्थ, दूरचा उजेड, तापातल्या लेकरासारखा. मालनबाईंनी तिला अंघोळी घातल्या होत्या, तेल चोळून पायांवर उताणी झोपवलं होतं. तेव्हा मांडीला वळ्या होत्या. आता काय आहे? काल कपडे बदलताना दिसली, तर पोटावर फरशीच्या सांध्यांसारख्या रेघा. ममताला त्या दोन चिंध्यांच्या पोशाखाची लाज वाटते, लोक काय म्हणतील म्हणते. मालनबाईंना ती वाटली नव्हती. आमच्या मायांची लुगडी काय कमी फाटकी होती? तिथून अंग दिसायचं तेव्हा कोणी डोळे झाकले? आता पोरगी आपल्या मनानं दाखवून राहिली, तर हीच लोकं डोळे झाकतील. झाका म्हणावं.

"डोळे मिटले की काय दिसते तुले?"

"खोव्याची जलेबी." प्रियंकाने डोळे मिटूनच सांगितलं. "गरम. मग पाणी. बर्फवालं, स्टीलच्या गिलासमध्ये, बाहेरून थेंब येतात ना, तसं. मग काहीच नाही. मग अच्छा वाटते, आजी, हलकं. जसं मी इथे नाहीच."

"आणि एवढं करून काय देऊन राहिले ते?"

"मेडल. पहिल्या तीनमध्ये आली तर आगे नॅशनल. आणि..." ती थांबली, जीभ ओठांवरून फिरवली, पण जिभेलाही ओल नव्हती. "आणि माइकवर नाव घेतात. पूरा. प्रियंका धम्मदीप गजभिये. सगळा हॉल ऐकतो."

खमरियाच्या फॅक्टरीकडे तोफगोळ्याची चाचणी झाली, आवाज आला आणि खिडक्यांच्या काचा एकदा थरथरून गप्प झाल्या. मालनबाईंचं तोंड आता पिठासारखं झालं होतं. जीभ टाळूला चिकटायची, सुटताना बारीक चट असा आवाज यायचा, आणि त्या आवाजाबरोबर त्या कुठेतरी दुसरीकडे असायच्या. भंडाऱ्याकडचं ते गाव. त्या गावाचं नाव त्यांनी लग्नानंतर कधी घेतलं नव्हतं. विहीर होती, दगडी, चार पायऱ्यांची, आणि पायऱ्या चढायच्या नव्हत्या. माय खाली उभी राहायची मडकं घेऊन, मालन तिचा पदर धरून मागे. वरच्या आळीतली कोणी बाई यायची, तिच्या मनात आलं तर ओतायची; नाही आलं तर ऊन वर चढायचं. मालनला तहान लागली की माय कमरेच्या गाठीतून चिंचेचा तुकडा काढायची. चोख म्हणायची, गिळू नको. तोंडात पाणी सुटायचं, आपलंच, आंबट, आणि ते प्यायलं की थोडा वेळ जायचा. मग कोणी आली की माय आधी पोरीसाठी नाही, मडक्यासाठी नाही, स्वतःसाठी खाली बसायची, ओंजळ तोंडाशी धरायची आणि मान वर करायची. वरून धार पडायची. त्या बाया जितक्या वरून ओतता येईल तितक्या वरून ओतायच्या, हसत, बोलत, दुसरीकडे बघत. पाणी ओंजळीत कमी आणि मनगटांवरून कोपरांवरून जास्त जायचं. मालन मागे असायची, म्हणून तिने मायचा तोंडवळा तसा कधी पाहिला नाही. तिने पाठ पाहिली. चोळीच्या वर उघडी, उन्हात घामाने चकाकणारी काळी पाठ, मान वर झाली की खांद्यांमागची दोन्ही हाडं पाखराच्या पंखांसारखी उघडायची, मधल्या खाचेत पाणी साचायचं. ती पाठ किती पाटीमातीची होती! विटा वाहिलेली, धुऱ्यावर दगड रचलेली. कोणी माइकवर तिचं नाव घेतलं नाही.

आणि मग ग्वारीघाट. लग्न होऊन आल्यावर नारायणरावांनी पहिल्याच रविवारी सायकलवर बसवून नर्मदेवर नेलं. एवढं पाणी. त्या काठावरच थबकल्या, डोळे सवयीने कोणाला तरी शोधू लागले, कोणी तरी की जी ओतील. नारायणराव गुडघाभर पाण्यात उभे, पँट ओली, ओरडून म्हणाले, "काहून थांबली? हात घाल की!" त्यांनी हात घातला. लोक नदीला हळदकुंकू वाहत होते, दिवे सोडत होते. मालनबाईंनी तिला ना माता म्हटलं ना काही. त्यांनी ती प्याली. पोट गच्च होईपर्यंत, उलटी होईपर्यंत प्याली, आणि नारायणराव हसता हसता मध्येच गप्प झाले.

ते पाणी आत्ता गच्चीवर होतं. ऊन पाण्यासारखं हलत होतं, परातीतले दाणे तळाशी दिसत होते, हिरवे, गोल, आणि रजईत गुंडाळलेली पोरगी काठावर बसल्यासारखी. तिच्या कपाळावरून घामाचा एकच थेंब निघाला, भुवईशी थांबला, मग नाकाच्या कडेने खाली. मालनबाई त्या थेंबाकडे अशा बघत राहिल्या की जणू त्यांनीच तो खाली ओढून आणायचा आहे. जा. जा बाई. इथे काय ठेवलंय तुहं. कधी कोणास ठाऊक, रुसवा त्यांच्याकडून कुठेतरी पडून गेला होता, आणि तहान मात्र राहिली होती. आता ती तहान त्या पोरीसाठी धरत होत्या, जशी दोघींनी मिळून एकच घागर दोन बाजूंनी धरावी. हे मात्र त्यांनी कोणाला सांगितलं नाही, आणि सांगितलंही नसतं.

सकाळी ऑटोत ममता, मालनबाई आणि मध्ये प्रियंका. मालनबाईंनी कार्यक्रमाची पांढरी साडी नेसली होती, चौदा एप्रिलला नेसायची ती. पिशवीत घरच्या माठातलं पाणी बाटलीत भरलेलं, आणि तोच गिलास, टॉवेलात गुंडाळलेला. ममताने गिलास पाहिला, सासूच्या ओठांवरची पांढरी साल पाहिली. "आई, तुम्ही कालपासून..." "गप बस. पुढं पाहा." मालनबाईंच्या डोळ्यांपुढे बारीक चांदण्या येत-जात होत्या, शहर त्यांच्यातून गाळून येत होतं, गोहलपुरातले उघडे वर्कशॉप, ठिणग्या, चहाच्या टपरीवर वाफ, कोणीतरी रस्त्यावर पाणी शिंपडत होतं आणि ते बघणंसुद्धा सोसवत नव्हतं.

हॉलच्या मागच्या खोलीत काटा ठेवला होता. पोरी टॉवेल गुंडाळून रांगेत उभ्या. प्रियंका चढली, उतरली, आणि तिचा चेहरा पाहूनच कळलं. थोडंसंच, हाताच्या ओंजळीभर, पण वर. कोच धनेश भैया धावत आले. "अम्माजी, टेंशन नहीं. आधा घंटा दिया है. दौड़ेगी, थूकेगी, हो जाएगा." प्रियंका स्वेटर चढवून हॉलमागच्या मोकळ्या जागेत धावली, भिंतीपासून भिंतीपर्यंत, पाय ओढत. मग हातातल्या बाटलीत थुंकायला बसली. काहीच येईना. तोंड उघडायची, बंद करायची, मासोळीसारखी, आणि काहीच येईना. "आजी, नाही होत आहे," ती म्हणाली आणि रडायला लागली. डोळ्यांतही पाणी नव्हतं, नुसता चेहरा रडत होता. धनेश भैया थुंकी सुटेल असं काही शोधत खिसे चाचपत होते.

मालनबाई पोरीशेजारी जमिनीवर बसल्या. साडीचा विचार केला नाही. कमरेची गाठ सोडली आणि चिंचेचा बोटभर काळा गोळा काढला. काल संध्याकाळी बरणीतून तो काढताना त्यांनी स्वतःलाच सांगितलं होतं की हा माझ्यासाठी आहे. "चोख. गिळू नको."

"हे काय आहे?"

"तुह्या पणजीचं. चोख म्हणते ना."

प्रियंकाने तुकडा तोंडात धरला. डोळे घट्ट मिटले, खांदे आखडले, आणि मग तिच्या तोंडात कुठूनतरी खोल, गालांच्या मागून पाणी आलं. ती थुंकली. पुन्हा थुंकली. मालनबाई बाटलीचं तोंड धरून बसल्या होत्या आणि त्यांच्याही तोंडात, काही न चोखता, आंबट ओल फिरत होती. "थुंक. सगळं थुंक. पोरी, लय दिवसाचं आहे, थुंक." धनेश भैया तोंड फिरवून उभे राहिले. काट्यावर दुसऱ्यांदा चढली तेव्हा काटा घेणाऱ्या बाईने आकडा वाचला आणि नुसती मान हलवली, जा. पंचावन्नच्या आत. केसाच्या फरकाने आत.

पण पाणी अजून बंदच होतं, स्टेजवर जाईपर्यंत. मधले तास मालनबाई कॉरिडॉरमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून होत्या. दिव्यांत अंगाचे दोर उठून दिसावेत म्हणून पोरींना रंग लावत होते, गडद तपकिरी, तेलकट, ब्रशने, भिंत रंगवावी तसा. कोणी शुक्ला, कोणी ठाकूर, कोणी यादव. दोन हातांनंतर सगळ्या एकाच मातीच्या. प्रियंकापाशी आल्यावर धनेश भैया म्हणाले, "इसको तो एक ही कोट में हो जाएगा. रंग पहले से पक्का है." मालनबाईंनी तिला बेसन-हळद चोळलं होतं लहानपणी, आणि त्याचा काही उपयोग झाला नव्हता, बरंच झालं म्हणायचं. रंगलेल्या पोरी हात अंगापासून दूर धरून उभ्या होत्या, कशाला टेकायचं नाही, कशाला शिवायचं नाही. आणि मग ते दिसलं. पलीकडच्या एका पोरीला तिच्या आईने घोटभर पाणी दिलं, ओठांचा रंग जाऊ नये म्हणून बाटली उंच धरून. पोरीने मान वर केली. तोंड उघडलं. धार पडली. मग दुसरीने. मग तिसरीने. कॉरिडॉरभर पोरी माना वर करून उभ्या, आणि वरून धारा. मालनबाईंना एकदम हसू आलं आणि ते अर्ध्यातच राहिलं. शुक्लांची पोरगीही तशीच पीत होती. काळाने काय चेष्टा मांडली होती, की हे सगळं स्वप्नातच चाललं होतं आणि त्या अजून पायऱ्यांच्या खाली उभ्या होत्या? धनेश भैया प्रियंकालाही तोंड ओलं करण्यापुरतं द्यायला बाटली घेऊन आले, तिने मान हलवली. "बाद में."

स्टेजवर दिवे इतके प्रखर की पोरी दिव्यांतच उभ्या आहेत असं वाटे. माइकवर हिंदीत सूचना येत होत्या, समोरून दाखवा, बाजूने दाखवा. ममताने तोंडावर पदर घेतला होता, पण डोळे उघडे होते. मग माइक म्हणाला, पीछे घूमिए. सगळ्या वळल्या. प्रियंकाने हात वर घेऊन मुठी वळल्या, श्वास सोडला आणि तिची पाठ उघडली. दोन्ही हाडं पंखांसारखी बाजूला गेली, मधली खाच खोल झाली, आणि त्या काळ्या चकाकत्या पाठीवर दिवे उतरले. हॉल ओरडला. मालनबाई उभ्या राहिल्या. कोणी मागून म्हणालं, अम्मा बैठिए. त्या बसल्या नाहीत. त्या पाठीला आता कोणी वरून पाणी ओतणार नव्हतं. ती कशाचीही वाट बघत नव्हती. ती फक्त उघडली होती, आणि पुष्कळ लोक ती बघत होते, न हसता.

तिसरं नाव तिचं घेतलं. पूर्ण घेतलं. गजभियेचं 'गजभिए' केलं, पण घेतलं.

ती पायऱ्या उतरून खाली आली, गळ्यात पदक, रंगावर फीत चिकटलेली. मालनबाईंनी टॉवेलातून गिलास काढला, बाटलीतलं पाणी ओतलं. काठोकाठ.

"आजी, पाणी." प्रियंकाने मान वर केली, तोंड उघडलं, आणि हात आपोआप हनुवटीखाली ओंजळ होऊन आले. "वरून ओत ना. रंग लागेल गिलासला. तुझी साडी पण खराब होईल."

मालनबाईंचा हात वर गेला होता. उंच, पोरीच्या कपाळाच्याही वर. तिथे तो थांबला. खाली ती ओंजळ, ते उघडं तोंड, ती वाट बघणारी मान. त्यांना पहिल्यांदाच तो चेहरा समोरून दिसला.

"हात खाली घे."

"अगं आजी, रंग..."

"घे म्हणते ना खाली. माह्या घरी असं कोणी पीत नाही. तोंड लाव."

गिलास खाली आला. प्रियंकाने दोन्ही रंगलेल्या हातांनी तो धरला, आजीच्या बोटांवरून धरला आणि ओठ लावले. प्याली. घशाचा घोट दिसत होता, एकामागून एक. हनुवटीवरून पाणी गळलं, रंगाचे तपकिरी थेंब पांढऱ्या साडीवर पडले, पसरले. मालनबाई शेवटपर्यंत बघत उभ्या राहिल्या. दुसरा गिलास तिने अर्धा ठेवला.

"बस. आता तू पी. कालपासून तुझा गिलास पालथा होता. मी पाहिलं."

"मोठी पाहणारी."

त्यांनी गिलास हातात फिरवला. काठावर ओठांचा ठसा उमटला होता, तपकिरी, ओला. तो आपल्याकडे केला आणि बरोबर तिथेच तोंड लावलं. पाणी कोमट झालं होतं, रंगाने थोडं कडू. त्यांनी ते संपवलं.